तुमचं नवं नाव

काओशुंग बंदर
९ एप्रिल

बाबा,

मी बरा आहे, तुम्हीही बरे असाल. उडत्या माशांचा हंगाम लागला असेल आणि खोकला असला तरी तुम्ही होडीवर जातच असाल. तुम्हाला अक्षर लागत नाही, म्हणजे हे पत्र काकी वाचत असणार, आणि कट्ट्यावर शेजारी पाय पसरून ऐकत असणार. बसू द्या त्यांना. काकी, मोठ्यानं वाच आणि मध्ये थांबू नकोस.

बातमी चांगली आहे. मला मुलगा झाला. शू-फेन बरी आहे, पोरगा गुटगुटीत आहे, नाक तुमचं उचललंय. म्हणजे तुमचं नाव बदललं. इथल्या मुकादमाला आपली रीत सांगितली तर तो हातातला जेवणाचा डबा खाली ठेवून हसत सुटला.

"पोरगं जन्मलं की बापाचं नाव पुसायचं? आजोबाचंही?"

म्हटलं, हो. पहिलं पोर झालं की बापाचं नाव श्यामान आणि पुढं पोराचं नाव, आजोबाचं श्यापेन आणि पुढं तेच नाव, आणि सगळं बेट त्याच नावानं हाक मारतं.

"मग जपून ठेव रे नाव. म्हाताऱ्याला मिरवायचंय ते."

जपूनच ठेवलंय. सांगतो.

आधी कामाचं. बेटावरच्या अणुकचऱ्याच्या कोठारासमोर उभे राहून तुम्ही ओरडायचात, "अणुवीज तुम्ही वापरणार आणि तिची घाण आमच्या बेटावर? हा समुद्रातला काळा प्रवाह आमच्या दारातून धावतोय, त्यात पंखे सोडा, हवी तेवढी वीज काढा आणि आपले कचऱ्याचे ड्रम घरी न्या." साहेब लोक हसायचे. दादा आणि मी हसायचो नाही. आम्हाला तो पंखा डोळ्यांपुढे दिसायचा.

आता तसलाच पंखा मी रंगवतो. आपल्या घराच्या दुप्पट एकेक पातं आहे. गेल्या महिन्यात समुद्रात सोडून पाहिला. प्रवाहानं फिरला आणि बोटीवरचे दिवे लागले. मुकादम म्हणाला, "कळव तुझ्या बापाला, त्याचा पंखा फिरला." मग मोठ्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, पुढची चाचणी तुमच्या बेटापाशी आहे, प्रवाहाची नस ओळखणारा कुणी जुना माणूस आहे का तिकडे, त्याला बोटीवर मानानं नेऊ.

मी म्हणालो, एक होते, वारले.

वाईट वाटून घेऊ नका. मेलेल्याला काही वाटत नसतं, हे दादाच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात.

दादाला दुसरं काम मिळेना म्हणून तो कोठारात गेला. गंजलेल्या ड्रमांचा गंज खरवडायचा, वर रंग मारायचा. तुम्ही म्हणालात, "त्या हातांनी माझ्या होडीला शिवायचं नाही." तो तरी कुठे गप्प बसणारा. याच कट्ट्यावर म्हणाला, "बाबा, कोठाराच्या बदल्यात अख्ख्या बेटाला वीज फुकट. तुमच्या मासळीचा फ्रिज मग कशावर चालतो? माझ्याच ड्रमांवर ना?" सगळे हसले. काकी, तूही हसलीस. बाबा हसले नाहीत, आणि दादा पुन्हा कधी होडीत बसला नाही.

डॉक्टर म्हणाला तो दारूनं गेला, तुम्ही म्हणालात ड्रमांनी. दोन्ही खरं असेल. पण प्यायला तो बसायचा कुठे, ते तुम्हाला माहीत आहे. वाळूवर, तुमची होडी लागते तिथे, ती परत येईपर्यंत.

त्याला पुरायला न्यायचं काम रक्ताच्या माणसांचं. तुम्ही आला नाहीत. मी त्याला पाठीवर बांधून एकटा घेऊन गेलो. परत आलो तर तुम्ही दारात भाला रोखून उभे. त्याचं भूत घरात शिरू नये म्हणून भाला धरतात, मला कळतं. पण मी समोर आलो तरी तुम्ही तो खाली केला नाहीत. त्याच आठवड्यात तुम्ही त्याच्या नावाचं श्यामान टाकून माझ्या नावाचं घेतलंत. रीतच आहे ती, थोरला गेला की पुढच्या पोराचं नाव घ्यायचं. पण पायातला काटा उपटावा तसं उपटलंत. आणि पुढं तैपेईच्या मोर्चात व्यासपीठावर रडलात, "माझ्या लेकाला ड्रमांनी खाल्लं." टाळ्या वाजल्या. मी खाली गर्दीत उभा होतो.

तर आता नाव. शू-फेन इकडची, तिला आपल्या बेटाची भीती ठाऊक नाही. म्हणाली, "छान आहे, कुठून काढलंस?" मी म्हणालो, वडिलांनीच ठेवलेलं आहे. खोटं नाही ते. दादाचं नाव ठेवलंय, बाबा. सरकारात नोंद झाली.

मेलेल्याचं नाव आपल्यात कुणी तोंडातून काढत नाही. आता तुम्हाला हाक मारायची तर तेच काढावं लागेल. कोण काढेल? होडी पाण्यात लोटताना एकेकाला नावानं बोलावतात. तुमच्यापाशी आले की सगळे खाली वाळूकडे बघतील, आणि तुम्ही वल्हं हातात घेऊन उभे राहाल. माझं जुनं नाव धरून बसायचं म्हणाल, तर ते आता माझंही राहिलेलं नाही.

पोराला बेटावर कुणी मांडीवर घेणार नाही, हे मी जाणून आहे. शू-फेन त्याला त्या नावानं दिवसभर खेळवते. मला अजून एकदाही मारता आली नाही ती हाक. मी ए पोरा म्हणतो.

काकी, खाली सही आहे. शेजारी उठून गेले असतील तरी वाच. त्यांना ऐकू जाऊ दे.

तुमचा, आता उरलेला एकच मुलगा,
श्यामान मोगाझ