खिडकीतली थंड हवेची पेटी सूनबाईला

मी, विजयमाला केशवराव धोटे, वय वर्षे बासष्ट, राहणार सौंसर, जिल्हा छिंदवाडा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास दीर नत्थूजींना विचारावे. त्यांना तिचा त्रास झालेला आहे.

१. माझ्या नावचे राहते घर मुलगा मुकुंद यास मिळावे. मात्र पश्चिमेची खोली व तिच्या खिडकीतली थंड हवेची पेटी सून प्रतिभा हिच्या एकटीच्या मालकीची.

२. स्वातंत्र्याच्या वर्षी खाणीचा गोरा साहेब विलायतेला निघाला, तेव्हा यजमानांनी ही पेटी त्याच्याकडून घेतली. साहेब गेला, पुढे यजमान गेले, नागपूरसुद्धा दुसऱ्या राज्यात गेले; पेटी चालू आहे. नत्थूजी तिला माझी सवत म्हणत. उन्हाळ्यात खाट मात्र तिच्यासमोर त्यांचीच.

३. मागल्या वैशाखात प्रतिभेला आठव्या महिन्यात लू लागली. अंग तव्यासारखे. तिला त्या खोलीत आणले, तर पेटी नुसती गुरगुरत होती. नत्थूजींनी जाळीवर ओले धोतर वाळत घातले होते आणि खाली विडी ओढत पडले होते.

"भाऊजी, पोरगी तापानं जळून राहिली, उठा!"

"मले का गरमी होत नाही, वहिनी?"

मी बटण बंद केले, धोतर अंगणात भिरकावले. मुकुंदाने आणि मी खाट त्यांच्यासकट ओसरीत नेली. जाळी धुतली, मागच्या नळ्यांवरची धूळ ब्रशने झाडली, पेटीला जरा दम खाऊ दिला आणि लावली. देवाला हात जोडायचे तेवढे विसरले. दिवेलागणीला प्रतिभेने डोळे उघडून पाणी मागितले. नात सुखरूप झाली. आत्ता ती माझा टाक ओढून राहिली आहे.

४. मुकुंद पेटी मोडीत काढू म्हणतो. त्याने आधी तपासावे. जाळी स्वच्छ असून गारवा नसेल, तर आतला गॅस गेला समजावे. वायर हाताला गरम लागली तर तत्काळ बंद. दिवे मंदावले असता लावू नये. मिस्त्री नागपूरचाच आणावा. राज्य बदलले, त्याचा हात बदललेला नाही. आतले यंत्रच बसले तर खुशाल भंगारात द्यावी. हार घालून ठेवू नये.

५. मुकुंदाचे मामा पांढुर्ण्याहून येईपर्यंत माझा देह त्याच खोलीत, पेटी लावून ठेवावा. रडणाऱ्यांनी आत येताना दार ओढून घ्यावे.

६. नत्थूजींना यातून काहीही मिळत नाही, म्हणून साक्षीदार व्हायला तेच योग्य. मजकूर वाचून ते म्हणाले, "तुमीच आधी जासान, हे कोणं सांगतलं?"

प्रश्न रास्त आहे. कलम बदललेले नाही.

सही : विजयमाला केशवराव धोटे

साक्षीदार :
नत्थूजी धोटे (सही)
कलाबाई बोबडे, शेजारीण (अंगठा)

सौंसर, २० एप्रिल १९५८