गच्चीची दुसरी किल्ली

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
शनिवार, २४ मे

प्रिय दीपाली,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवशील, अशी मला शंका आहे. बघ, पहिल्याच ओळीत शंका! पण फोड बाई. परवा सोमवारी तुझ्या कंपनीचे मोठे साहेब तुला समोर बसवून विचारणार आहेत, तुझी नोकरी राहते की जाते ते त्या दिवशी ठरणार आहे, आणि हे सगळं माझ्या तक्रारीमुळे, असं काल तुझ्या आईने मला सांगितलं. सांगितलं आणि फोन ठेवला. सख्खी बहीण, पण ‘कशी आहेस’ एवढंही रजनीने विचारलं नाही. म्हणून आता सगळं क्रमाने लिहिते, मला जसजसा संशय येत गेला तसतसं. मध्येच उडी मारली तर मी पुढचं लिहिणारच नाही. माझा मलाच भरवसा नाही.

दोन वर्षांपूर्वी तू आमच्या पापड उद्योगाच्या ऑफिसात दराब्याच्या मिठाईचा डबा घेऊन आलीस, तिथपासूनच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. इंदूरहून येणारी पोरगी बुऱ्हाणपुरातल्याच दुकानातून दराबा घेऊन मावशीच्या घरी न जाता ऑफिसात येते, मतलब काहीतरी काम आहे. आणि कामही कसलं! तुमची कंपनी आमच्या गच्चीवर स्वतःच्या खर्चाने सोलरच्या प्लेटा बसवणार, आम्ही एक रुपया द्यायचा नाही, फक्त जेवढी वीज तयार होईल तेवढ्या युनिटचे पैसे दर महिन्याला द्यायचे, तेही वीज मंडळापेक्षा कमी दराने, आणि वीस वर्षांनी सगळं सामान आमचं. मी तुला पाणीसुद्धा विचारलं नाही, आठवतं? दुसऱ्याच्या गच्चीवर बारा-तेरा लाखांचं सामान लावून हात जोडून निघून जाणारा माणूस मला आयुष्यात भेटला नव्हता. त्यातून तुझ्या कंपनीनेही ते पैसे बँकेकडून आणलेले. म्हणजे बँकेचा भरवसा कंपनीवर, कंपनीचा आमच्यावर, आणि आमचा कोणावर? तर तुझ्यावर.

तुझी आई म्हणते, मी प्रसादाचा पेढाही फोडून बघते. बघते! चौतीस बायांचं पोट ज्या इमारतीवर आहे तिची गच्ची वीस वर्षं दुसऱ्याला द्यायची, तर मी फोडून बघणारच. आणि खरं सांगायचं तर तू चिडली नाहीस. तीन दुपारी माझ्यासमोर बसून तू त्या इंग्रजी कराराचं एकेक पान मराठीत सांगितलंस. मी कागदावर असेल तेच खरं मानते, हे तुला लहानपणापासून माहीत होतं. सतराव्या कलमापाशी थांबून तू म्हणालीस की मावशी, हे नीट ऐक. आमच्याकडून प्लेटांवर सावली आली किंवा काही झाकलं गेलं, तर त्या दिवसांत जी वीज तयार झाली नाही ती तयार झाली असं धरून आम्हाला पैसे भरावे लागतील. मी हसले होते. म्हटलं, आमच्या गच्चीवर कोण मंडप टाकतंय!

गेल्या गणपतीच्या आधी प्लेटा बसल्या. गच्चीच्या दाराला नवं कुलूप लागलं, एक किल्ली तुझ्याकडे, दुसरी माझ्याकडे. माझी किल्ली मी ऑफिसात देवीच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवली. खाली वाळवणाची दोन मोठी विजेची कपाटं आली, कारण पापड-कुरडया वाळवायला गच्ची राहिली नव्हती. सगळ्या बाया खूश झाल्या, एक सरुबाई सोडून. तू तिला ओळखतेस, आमच्यातली सगळ्यात जुनी, एकाहत्तर वर्षांची, लहानपणी तुला कुरडईचा चीक खाऊ घालायची तीच. ती म्हणाली, कपाटात वाळलेली कुरडई तळताना फुलत नाही, तिला ऊन लागत नाही. मी तिला गप्प केलं. म्हटलं, कपाटात येते तीही उन्हाचीच वीज आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं जणू मीच खुळी.

हिवाळाभर सगळं ठीक चाललं. तू सांगितलं होतंस, उन्हाळ्यात तर युनिट सगळ्यात जास्त पडतील. आणि मार्चचं बिल आलं, तर सोलरचे युनिट जानेवारीपेक्षा कमी! वीज मंडळाचं बिल मात्र फुगलेलं. आपल्या बुऱ्हाणपुरात मार्चमध्ये किती ऊन असतं हे मला कोणी शिकवायला नको, डांबर चपलेला चिकटतं. तुला फोन केला तर तू म्हणालीस, धूळ असेल, आसपासच्या कापडाच्या लूमचा कापूस उडून बसला असेल, माणूस पाठवून धुवून घेते. तो संध्याकाळी आला, धुवून गेला. एप्रिलमध्ये युनिट आणखी उतरले. मग तूच मला मोबाईलवर ती रेघांची आकृती पाठवलीस आणि विचारलंस, की मावशी, रोज दहाच्या सुमारास वीज अर्ध्यावर येते आणि चारनंतर सुधारते, फक्त रविवारी दिवसभर चांगली असते, तिकडे काही होतंय का? आणि मी काय समजले माहीत आहे? की तू मला गुंडाळते आहेस. स्वतःच चोरी करायची आणि स्वतःच विचारायचं, चोर कुठे दिसला का.

कारण माझा हिशोब पक्का झाला होता. रविवारी आमचं काम बंद, वीज लागत नाही, म्हणून रविवारी पुरी दाखवतात. कामाच्या दिवशी आमची वीज कुठेतरी दुसरीकडे वळवतात. नाहीतर जुन्या, वापरलेल्या प्लेटा आमच्या गळ्यात मारल्यात, ज्या उन्हात तापल्या की दम टाकतात. आणि नव्याचे पैसे बँकेकडून घेऊन मधले कोणी खाल्ले? हा विचार माझ्या डोक्यात आला तेव्हा मला स्वतःची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट आपण किती हुशार, असं वाटलं. वीज कमी झाली तर तुमच्या कंपनीलाच पैसे कमी मिळतात, एवढी साधी गोष्टसुद्धा माझ्या डोक्यात शिरली नाही. त्याच दिवसांत मी सरुबाईच्या हातची नवी कुरडई तळून बघितली, पांढरीशुभ्र, तोंडात टाकताच विरघळणारी. सगळ्या बायांसमोर मी म्हटलं, बघा, कपाटात वाळून कशी फुलली! सरुबाई खाली मान घालून पापड लाटत राहिली. तिथेही मला शंका यायला हवी होती, पण स्वतःची पाठ थोपटताना मला शंका येत नाही, हे आता कळलं.

नऊ मे, शुक्रवारी मी तुमच्या हेड ऑफिसला तक्रार पाठवली. संस्थेच्या कागदावर, शिक्क्यानिशी. प्लेटा जुन्या आहेत, मीटरमध्ये फेरफार आहे, आणि हे काम ज्या बाईंनी मंजूर करून आणलं त्या माझ्या नात्यातल्या असल्या तरी त्यांची चौकशी व्हावी. ‘नात्यातल्या असल्या तरी’ लिहिताना मला केवढा मोठेपणा वाटला म्हणून सांगू!

शनिवारी दुपारी चोराला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी गच्चीवर जायचं ठरवलं. खिळ्यावर किल्ली नव्हती. माझ्या अंगातून करंट गेला. जिना चढून बघते तर दार उघडं. डोक्यावर ओला टॉवेल टाकून सरुबाई आणि तिच्यासोबत चार बाया, आणि खालच्या दोन रांगांमधल्या प्लेटांवर जुन्या धुवट साड्या पसरलेल्या, चारी टोकं नाडीने बांधलेली, आणि त्यांवर कुरडया. ओळीने. ज्वारीचे बिबडेसुद्धा होते. काच तापते म्हणे, खालून शेक आणि वरून ऊन, चार तासांत कडक! उतरती असली तरी ओली कुरडई घसरत नाही, चिकटून बसते. सरुबाई मला घाबरली नाही गं. तिने मला आपल्या पदराने घाम पुसत सांगितलं, की प्लेटांना तिने काही केलेलं नाही, साडी टाकण्याआधी रोज पुसून घेते, लेकरासारख्या सांभाळते. मार्चपासून रोज सकाळी दहाला टाकायच्या आणि चारला उचलायच्या. फक्त रविवारी सुट्टी.

आता इथे माझा हात थांबतोय. तू म्हणशील, मग मावशी, त्याच दिवशी फोन का नाही केलास? मी साड्या उचलायला लावल्या, दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि त्या पाचही जणींना देवीच्या फोटोसमोर उभं करून शपथ घ्यायला लावली, की हे कोणाला सांगायचं नाही. मग ऑफिसच्या कपाटातून करार काढला आणि सतरावं कलम शोधलं. तुझी पेन्सिलीची खूण अजून होती. मला वाटलं, दोन महिन्यांच्या न झालेल्या विजेचे पैसे भरायचे तर दिवाळीला बायांच्या हातात काय ठेवायचं? आणि दुसरं, जे मी स्वतःलाही सांगत नव्हते ते हे, की अध्यक्षीणबाईंच्या नाकाखाली दोन महिने कुरडया वाळल्या आणि त्या चोर शोधत होत्या, हे गावभर झालं तर? मी स्वतःलाच समजावलं, तक्रारीचं काय, कंपनीवाले बघतील, काही सापडणार नाही, विषय मिटेल. दुसऱ्या दिवसापासून युनिट उड्या मारत वर गेले. मी ते मीटरवर रोज बघत होते, आणि दोन आठवडे गप्प होते.

काल रजनीने सांगितलं तेव्हा कळलं की मी काय करून बसले. तक्रार गेली आणि दोनच दिवसांत वीज पुरी झाली, म्हणजे तक्रार कळताच कोणीतरी गुपचूप दुरुस्त केलं, आणि गच्चीची दुसरी किल्ली दीपालीकडे आहे, असा अर्थ तुमच्या साहेबांनी काढला. दीपाली, मीही अगदी असाच हिशोब केला असता! माझंच डोकं त्यांच्या धडावर बसलंय असं मला वाटलं, आणि पहिल्यांदा त्या डोक्याची मला भीती वाटली. रात्री जेवण गेलं नाही. आज सकाळी सरुबाई ऑफिसात आली, इंदूरची बस कुठून सुटते आणि तिकीट किती पडतं, असं तिने मला विचारलं. खंडव्यापुढे ती कधी गेलेली नाही. म्हणाली, शपथ देवीची आहे, पण पोरीची नोकरी जाणार असेल तर देवी समजून घेईल, मीच जाऊन साहेबांना सांगते. मी तिला खुर्चीत बसवलं आणि बाया येईपर्यंत दोघी नुसत्या रडत बसलो. मग चौतीसही जणींसमोर मी हे सगळं उभ्याने सांगितलं. कलम सतराही वाचलं. कोणी मला वेडंवाकडं बोललं नाही, एक जण फक्त हसली आणि म्हणाली, तरी कुरडई फुलली होती ना बाई!

म्हणून फोन न करता हे पत्र लिहिलं. फोनवर मी माफी मागितली असती, तू मोठ्या मनाने दिलीही असतीस, पण सोमवारी साहेबांसमोर ठेवायला तुझ्या हातात काही राहिलं नसतं. माझी खोटी तक्रार कागदावर गेली, तर खरंही कागदावरच यायला हवं. आमच्यातली रश्मी उद्या सकाळच्या बसने हे तुझ्या हातात देईल, सोमवारी मीही येते, बाहेर बाकावर बसेन, बोलावलं तर आत येईन. हे पत्र जसंच्या तसं त्यांच्यापुढे ठेव, त्यातलं माझं जे काही खोटं, हलकं, लाजिरवाणं आहे त्यासकट, एक ओळही झाकू नकोस. कलम सतराप्रमाणे जे निघेल ते आमची संस्था भरेल, हेही यातच लिहून देते. दीपालीची काही चूक नव्हती. प्लेटा नव्या आहेत, मीटर खरं आहे, आणि पोरगीही खरी आहे. गच्चीची आमच्याकडची किल्ली मी पाकिटात घातली आहे, ती आता तुझ्याकडेच राहू दे. सरुबाईचा एकच निरोप आहे, पाण्याच्या टाकीमागे दोन खाटांएवढी जागा मोकळी आहे, तिथे पुढच्या चैत्रात वाळवण चालेल का, ते तू येऊन स्वतः सांग.

तुला सोडून सगळ्यांवर संशय घ्यायला हवा होता, असं आता कळलेली,
तुझीच
कोकिळा मावशी
(अध्यक्ष म्हणूनही मीच, शिक्का शेजारी आहे)

शिक्क्याखाली सरुबाईचा अंगठा. तिने तो आग्रहाने दोनदा उठवला आहे, पहिला पुसट आला म्हणून.