डाव्या कुशीवर विश्रांती

तीर्थरूप ताईला उभ्याउभ्याच साष्टांग नमस्कार. (खाली वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मग मला उठवायला दोन माणसं लागतात. तेव्हा उरलेला नमस्कार तू मनातल्या मनात पुरा करून घे.)

तुझं पत्र पोचलं. तब्येत ठणठणीत आहे हे वाचून बरं वाटलं, आणि त्याच्याच खालच्या ओळीत ‘हल्ली जिन्याच्या प्रत्येक वळणावर जरा टेकते, तेवढीच हवा लागते’ हे वाचून मुळीच बरं वाटलं नाही. ताई, तुमच्या जिन्याला खिडकीच नाही. हवा लागते कुठून? यावर मी शेवटी भांडणार आहे. आधी माझं ऐक. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हा कागद.

माझ्या हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय हे तुला माहीत आहेच. (शाळेत मला तीस टक्के मिळाले तेव्हा तू आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. आता मात्र तेवढ्यावरही सगळे हळूच बोलतात.) मीठ बंद, पाणी मोजून, आणि रोज सकाळी वजन करून ते भिंतीवरच्या कागदावर लिहायचं. हे सगळं मी निमूट सोसलं असतं, पण त्यात ठोक्यांचा गोंधळ. तीन ठोके नीट पडतात, मग एक गायबच होतो, आणि मग दोघं एकदम दारातून घुसतात, आधी मी की आधी तू. त्या गायब झालेल्या ठोक्याची वाट बघताना जीव कसा कासावीस होतो ते लिहून कळायचं नाही.

तर डॉक्टरबाईंनी चोवीस तास ठोके टिपणारं यंत्र लावलं. छातीला पाच चिकटपट्ट्या, त्यांच्या वायरी, आणि कमरेला एक डबी. सोबत एक छापील कागद दिला. दर तासाला आपण काय करत होतो आणि काही जाणवलं का, ते त्यावर खरंखरं लिहायचं. कागद हातात आला मात्र, आणि मला भरून आलं. निवृत्त झाल्यापासून कुणी मला नोंदी करायला सांगितलंच नव्हतं गं!

आता तुला एक कबुली द्यायची आहे. एकतीस वर्षं मी धुलाई कारखान्यातला बॉयलर सांभाळला. दर तासाला वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी वहीत लिहायची, हा नियम. बॉयलरवर माझी नजर कायम असायची, त्यात कसूर नाही. पण वही? वही मी पाळी सुरू होतानाच आठ तासांची भरून मोकळा व्हायचो. आम्ही सगळेच तसं करायचो. त्यातही कसब असतं. सगळीकडे दहा लिहिलं तर साहेबाला संशय येतो, म्हणून मध्येच एखादा साडेनऊ टाकायचा, एखादा आकडा खोडून पुन्हा लिहायचा. अचूक नोंदींबद्दल मला मिळालेलं प्रशस्तिपत्र तुझ्या भावजयीने काच लावून बैठकीत टांगलंय. त्याच्यासमोरून जाताना मी नेहमी दुसरीकडे बघतो.

तर सवयीने काय केलं, सकाळी आठलाच चहाबरोबर अख्ख्या दिवसाचा कागद भरून टाकला. दहा, वाचन. अकरा, विश्रांती (डाव्या कुशीवर). बारा, विश्रांती चालू. अगदीच गुळगुळीत वाटू नये म्हणून दुपारी तीनला एक ‘किंचित धडधड, जांभई देताना’ टाकली. कागद घडी करून ठेवला आणि तुझी भावजय शिवणाच्या वर्गाला गेल्यावर खरोखरच आडवा होणार होतो, देवाशपथ. पण फोन आला. माझ्या जागेवर आता जो गृहस्थ आहे त्याचा. म्हणाला, सुरक्षा झडप सारखी फुसफुसतेय, तुमच्याशिवाय कुणाला तिची खोड माहीत नाही. तुमच्याशिवाय! ताई, या एका शब्दावर मी स्मशानातूनही उठून जाईन.

गेलो. पहारेकऱ्याने कमरेची डबी पाहून रेडिओ आहे का विचारलं, मी म्हटलं हो, बातम्या बऱ्या नाहीत. बॉयलरच्या माथ्यावर जायला लोखंडी शिडी आहे, बावीस पायऱ्या. बाराव्या पायरीवर छातीत जो काही दंगा सुरू झाला तो मी दुर्लक्षून पुढे गेलो. झडप बसवली. खाली उतरल्यावर तो गृहस्थ म्हणाला, तुम्ही पांढरे पडलाय. मी म्हटलं, वाफेने.

चार दिवसांनी दवाखान्यात आम्ही दोघं समोर बसलो. डॉक्टरबाई एकदा आलेखाकडे बघतात, एकदा माझ्या कागदाकडे. चेहरा गंभीर. म्हणाल्या, सव्वाअकराला तुमचा ठोका दीडशेवर गेलाय, सलग दंगा चाललाय, आणि तुम्ही डाव्या कुशीवर विश्रांती घेताय? पडल्यापडल्या असं होत असेल तर मी तुम्हाला आज घरी जाऊ देणार नाही. (जांभईच्या वेळी मात्र आलेख सरळ होता. त्याचंही त्यांना नवल वाटलं.) एवढ्यात तुझी भावजय ताडकन उठली. म्हणाली, बाई, यंत्रात बिघाड असेल, यांच्या नोंदीत नसणार. एकतीस वर्षांत यांची एक नोंद चुकलेली नाही!

इतका विश्वास माझ्यावर कुणी जाहीरपणे टाकला नव्हता, आणि नेमका तोच मला खाली पाडायचा होता. मी सगळं ओकलो. शिडी, झडप, जांभई, वही, प्रशस्तिपत्र, सगळं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. तुझ्या भावजयीने काहीच म्हटलं नाही. ते पुढचे तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी पहिलं वाक्य आलं ते असं, की दूध उतू जातंय.

मग पुन्हा यंत्र, आणि या खेपेला नोंदी तिच्याकडे. शिवणाचा वर्ग बुडवून ती माझ्यासमोर खुर्ची टाकून बसली. मासला देतो. ‘९.४०, पलंगावर पडून आहेत, पण शेजाऱ्याने सायकल भिंतीला टेकवली म्हणून रागावलेत.’ ‘११.१५, डाव्या कुशीवर. खरंच.’ ‘२.०५, झोपेत झडप झडप म्हणाले.’ डॉक्टरबाई म्हणाल्या, इतका चांगला कागद त्यांनी आजवर पाहिला नाही. मला जरा लागलंच ते.

आणि तरीही, ताई, त्या खऱ्याखुऱ्या विश्रांतीतही एका दिवसात वीस हजारांवर जादा ठोके निघाले. म्हणजे शिडीचा काही दोष नव्हता. आता येत्या गुरुवारी डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवणार आहेत. ठोका भलत्या वाटेला लागला की ते आतून झटका देऊन त्याला ताळ्यावर आणतं. तुझी भावजय म्हणाली, हे काम मी इतकी वर्षं बाहेरून करत होते.

डॉक्टरबाईंनी घरच्यांचीही चौकशी केली. बाबांचं विचारलं. मी सांगितलं, की ते जिन्यात टेकले ते उठलेच नाहीत, आणि आपण सगळे थकवा म्हणत राहिलो. त्या म्हणाल्या, हे घराण्यात चालतं, भावंडांचीही तपासणी व्हायला हवी. मी म्हटलं, एकच बहीण आहे, लोखंडी आहे, आणि यावर आम्ही सगळे खूप हसलो. असो. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धांदरट भाऊ

ता. क. गुरुवारसाठी मुद्दाम येऊ नकोस. किरकोळ काम आहे, तासाभरात उरकतं. उगाच दगदग.

ता. क. दुसरा. आलीसच तर मंगळवारी ये. बुधवारी साडेदहाला तुझ्या नावाने वेळ घेतली आहे. सुई नाही, काही नाही. छातीवर गार लेप लावून पडद्यावर हृदय बघतात, बस्स. मी तुझ्या शेजारी बसेन. आणि येईपर्यंत जिना चढू नकोस, सामान दाजी वर आणतील. रागाव, पण ये.

ता. क. तिसरा, यांच्या नकळत. वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला दिलं म्हणून वाचलं. दवाखान्यात कुणी हसलं नाही. डॉक्टरबाईंनी भावंडं किती विचारलं तेव्हा यांना ‘एक’ म्हणता येईना. बोटाने दाखवलं आणि माझ्या पदरात तोंड घालून रडले. स्वतःच्या यंत्राबद्दल अजून एकदाही रडलेले नाहीत. तुम्ही मंगळवारी नाही आलात तर गुरुवारी हे टेबलावर चढणार नाहीत, तसं त्यांनी डॉक्टरबाईंना सांगून ठेवलंय.