राणी नसलेला रुपया

८ एप्रिल, सकाळी
देव पुसताना डब्यातला चांदीचा रुपया नीट पाहिला. एका बाजूला राणीच नाही! नुसती अंबाड्याची पुसट रेघ. मागे १८ वाचता येतं, पुढचे अंक नाहीत. मोबाईलवर व्हिडिओ बघितले. टांकसाळीत छाप नीट न पडलेल्या नाण्याला ‘एरर कॉइन’ म्हणतात. लाखांत जातं. घरात पदवी माझी एकटीची, तीही इतिहासाची, त्यामुळे हे माझ्याच लक्षात येणं साहजिक.
संकल्प: रुपया विकून वाडीत वाचनालय. स्वतःसाठी काही नको. एका कपाटावर माझं नाव चालेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बाबा काजूच्या बिया वाळत घालत होते. त्यांना सांगितलं. म्हणाले, "विकूचो? मगे वाडीत कोणाक पोर झाला तर पोटार काय बांधतलस?" बाबांना दूरचं दिसत नाही.

१० एप्रिल
शेजारच्या दुर्गावहिनी आल्या. त्यांचं बाळ रडलं की बेंबी टरारून वर येते. "गो गौरजा, तुमचो रुपयो दी. झिलाच्या पोटार बांधूचो आसा." मी समजावलं: नाणं बांधून बेंबी बसत नाही, ती आपोआप बसते, डॉक्टरांना विचारा. शिवाय हा रुपया आता हेरिटेज आहे.
"तुझी काय आपोआप बसली?" म्हणाल्या.
आतून आईने भर घातली, "तुझ्या पोटार, सिद्धेशाच्या पोटार, तुझ्या बापाशीच्या पोटार ह्योच रुपयो होतो. सगळी वाडी ह्येनाच बसवली."
वहिनींना पाच रुपयांचं कोरं नाणं दिलं. त्या ते तुळशीपाशी ठेवून गेल्या.

११ एप्रिल
आईकडून महत्त्वाची माहिती. प्रत्येक बाळ झालं की रुपया कोकमाच्या सोलांनी आणि राखेने खसाखसा घासून परत देवाकडे. म्हणजे पिढ्यान्पिढ्या जपलेलं, बाजारात न फिरलेलं नाणं! अशांना जास्त भाव.

१३ एप्रिल
फोटोसाठी किरकोळ स्वच्छता केली. टूथपेस्ट, लिंबू, जुना ब्रश. लखलखीत निघालं. १८ मधला ८ गेला. जरा आणखी घासल्यावर १ पण. एरर आता जास्तच स्पष्ट झाली आहे.
सिद्धेश म्हणाला, "ताय, ह्या शर्टाचा बटण दिसता." बारावीतल्या भावाकडून काय अपेक्षा करायची.

१५ एप्रिल
देवळातल्या बैठकीत वाचनालय जाहीर केलं. टाळ्या. दूध सोसायटीची बंद खोली मिळाली, किल्लीसकट. परशुरामतात्यांनी विचारलं, "पुस्तका खंयसून हाडतलंस?" व्यवस्था झाली म्हणून सांगितलं. झालीच आहे जवळजवळ.

१७ एप्रिल
वहिनी परत आल्या. मी नाही म्हणाले. दुपारभर बाळाचं रडणं. तत्त्व ते तत्त्व. खिडकी लावून घेतली. फार उकडतंय.

२२ एप्रिल, दुपारी, ओरोस स्टँड
एस.टी.ने इथे आले. ट्रेझरीतून रिटायर झालेले सदानंदकाका नाणी जमवतात, असं कळलं होतं. त्यांनी रुपया तोलला, भिंगाखाली फिरवला. म्हणाले, "चांदी अस्सल आहे." मी म्हटलं, मला माहीत होतं. मग म्हणाले, "छाप चुकलेला नाही, झिजलेला आहे. वजन बघा किती कमी भरतंय. कुणी घासला एवढा?"
मी म्हटलं, पिढ्यान्पिढ्या जपलाय.
त्यांनी रुपया नाकाशी नेला. "टूथपेस्ट?"
संग्राहक घेणार नाही. सोनार वजनावर घेईल. त्यात वाचनालयाची पाटी रंगवून होईल, असं ते म्हणाले. फार तर दोन रंगांत.
काकांनी चहा दिला. चांगले आहेत. एररचा त्यांचा अभ्यास कमी असावा.

२२ एप्रिल, संध्याकाळी
बसमधून उतरल्यावर आमच्या घराआधी वहिनींचंच घर लागतं. बाळ रडतच होतं. रुपया दिला. तात्पुरता, असं स्पष्ट सांगून. पट्टीने पोटावर बांधला आणि ते गप्प झालं. योगायोग.
वहिनी रुपयावरून बोट फिरवत म्हणाल्या होत्या, "गो बाय, केदो गुळगुळीत केलंस! आधी कड टोचायची. आता झिलाक कायच टोचूचा नाय. शिकलंस ता कामाक इला."
सोसायटीच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे. घरी येऊन पुस्तकं काढून बघितली. माझी बी.ए.चीच. बहुतेक गाईडं.