गोहलपूरच्या मॅडमसाठी एक कलम

मी, नीलकंठ रामकृष्ण खानझोडे, वय एकोणसत्तर, निवृत्त, राहणार रांझी, जबलपूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. कोणी धाकदपटशा केलेला नाही, कोणी हात धरून लिहवूनही घेत नाही. गुडघे गेले आहेत. मन मात्र शाबूत आहे आणि मी काय लिहितो आहे ते मला समजते.

‘मन शाबूत आहे’ हे लिहिताना पेन थांबले होते. मसुदा बघताना वकील पांडेजींनी मला बजावले, “काका, इलाज वाली बात इसमें मत डालिए. कल को कोई भी कोर्ट में खड़ा होकर कह देगा, इनका दिमाग ठीक नहीं था. पूरा कागज बेकार हो जाएगा.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणून डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. पण ती गोष्ट गाळली, तर मी ज्या माणसाचे मृत्युपत्र लिहितो आहे तो मी नव्हेच. तेव्हा लिहितो. लिहिताना कान तापतात, हेही नमूद करतो.

कलम पहिले. रांझीचे घर मी माझ्या कमाईतून बांधले. त्यात वडिलोपार्जित काही नाही. माझ्यामागे ते माझी पत्नी सौ. विनता हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिला तिथून कोणीही हलवू नये, ‘आमच्याकडे चला’ असे प्रेमानेही नाही. तिच्यानंतर मुलगा अनिमेष आणि मुलगी सुखदा यांना समान हिस्सा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुखदा करील. ती नागपूरला असते, पण तिला कागद वाचून समजतात आणि समजलेले ती बोलून दाखवते.

विनताविषयी अजून लिहायचे आहे. लग्नात आलेला डबल बेड आम्ही विकला आणि दोन खाटा घेतल्या. नातेवाइकांना सांगितले की माझ्या कमरेला कडक गादी लागते. खरे असे होते की झोपेत मी हातपाय झाडायचो, ओरडायचो. एकदा माझे कोपर तिच्या तोंडावर बसले आणि पुढचा दात तुटला. तिने आपल्या आईला सांगितले, न्हाणीघरात पाय घसरला. मी शेजारीच उभा होतो आणि मान डोलावली. तिचे सर्व दागिने तिचेच आहेत. ते द्यायला मी कोण?

हे काहून झाले, असे मुले विचारतील. मुलांना मी कधी सांगितले नाही.

मी ज्या कारखान्यात होतो तिथे, माझ्या नोकरीच्या मधल्या वर्षांत, एका शेडमध्ये स्फोट झाला. कोणाच्या चुकीमुळे, हे मला माहीत नाही आणि त्याची चर्चा इथे नको. त्या शेडमध्ये माझा जोडीदार जगन्नाथ होता. मी हात धुवायला बाहेर नळावर आलो होतो. जगन्नाथ गेला. मला ओरखडासुद्धा आला नाही. घरी आल्यावर आईने दृष्ट काढली, शेजाऱ्यांनी पेढे मागितले. लोक म्हणाले, नशीबवान आहेस.

त्या दिवसापासून माझे लक्ष कशावर टिकेना. वर्तमानपत्राची एक ओळ चार वेळा वाचायचो. खात्याची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा अर्धा पेपर कोरा. साहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, “खानझोडे, दिमाग घर पे छोड़ के आते हो क्या?” दिवाळीत मी ‘साधनेला’ म्हणून शहपुऱ्याला एका ओळखीच्यांच्या शेतावर जाऊन राहायचो. साधना कसली! फटाके ऐकू येऊ नयेत म्हणून कोठीत दार लावून, कानात कापूस घालून बसायचो. जगन्नाथची बायको दोन मुले वाढवत ताठ मानेने कारखान्यात नोकरीला जात होती, आणि ज्याला काही झाले नाही तो मी कोठीत बसत होतो. ज्याला लागले नाही त्याला दुखते कसे, हे मी कोणाला विचारणार होतो?

कलम दुसरे. धाकटा भाऊ यशोधन यास मी काही देत नाही. सुखदाच्या लग्नात, वरात दारी आल्यावर, त्याने गंमत म्हणून माझ्या पायाशी फटाक्यांची लड लावली. मी मांडवाच्या कनातीमागे पळालो आणि व्याही हसले. त्यानंतर घरात माझे नाव ‘लवंगी’ पडले. यशोधन, तुला माहीत नव्हते, हे मी आता समजू शकतो. तू विचारलेही नाहीस, हे मात्र अजून समजू शकत नाही. माझी पितळी दुर्बीण तुला लहानपणी हवी होती, ती घेऊन जा. बाकी काही नाही.

कलम तिसरे. माझी सुतारकामाची हत्यारे, म्हणजे दोन्ही रंधे, पटाशा, शिकंजा, करवती आणि ते ठेवायची पेटी, ही सर्व नात चैत्राली हिची. मुलीला हत्यारे काय करायची, असे कोणी म्हणू नये. शाळेत तिचे लक्ष लागत नाही म्हणून वहीत लाल शेरे येतात. पण रंधा हातात दिला की तिला जेवायला तीनदा हाक मारावी लागते.

आता मुख्य कलम.

चैत्रालीची शाळा अनिमेषला बोलावून सांगू लागली की ही एका जागी बसत नाही, ऐकलेले विसरते, तपासून घ्या. अनिमेष बँकेत अधिकारी आहे, त्याला चारचौघांत वावरायचे असते. तो म्हणाला, “काही झालेलं नाही तिला. आळशीपणा आहे.” सूनबाई प्रणोती शांत स्वभावाची आहे, पण तिनेच गोहलपूरमधल्या एका थेरपिस्टचा पत्ता काढला. सौ. विभावरी टेंभेकर. त्यांचे यजमान सैन्यात आहेत, म्हणून त्या इकडे आल्या. अनिमेषने एका अटीवर परवानगी दिली: कुठे वाच्यता करायची नाही. शेजाऱ्यांना ‘इंग्रजीची शिकवणी’ असे सांगितले. ने-आण करायला रिकामा माणूस मीच होतो.

मॅडमच्या दोन खोल्या एका वर्कशॉपच्या वर आहेत. चैत्राली आत असायची, मी बाहेर बाकावर. एके दिवशी तिचे आटोपले, ती बाहेर येऊन चपला घालत होती, आणि खाली ट्रकचा टायर फुटला.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. मी बाकाखाली होतो. चैत्रालीला फरशीवर दाबून तिच्यावर पडलो होतो. ती सांगत होती, “आजोबा, टायर था, टायर! कुछ नहीं हुआ.” मला तिचा आवाज दुरून आल्यासारखा ऐकू येत होता. आणि माझा पायजमा ओला झाला होता.

बारा वर्षांच्या नातीसमोर.

मॅडम बाहेर आल्या. ‘उठा’ म्हणाल्या नाहीत, ‘काय झालं’ असेही विचारले नाही. त्या माझ्याजवळ फरशीवर बसल्या. म्हणाल्या, “काका, मी विभावरी. आपण गोहलपुरात आहोत. फरशी गार आहे ना? तिला हात लावून बघा.” मी हात लावला. “अजून काय हाताला लागतंय?” बाकाचा पाय लागला, चैत्रालीची वेणी लागली. तसे करत करत मी परत आलो. मग त्यांनी आतून शाल आणून माझ्या कमरेभोवती गुंडाळली, जणू मला थंडी वाजते आहे. मे महिना होता.

मी म्हणालो, “मॅडम, कोणाला सांगू नका.”

त्या म्हणाल्या, “नाही सांगणार. पण तुम्ही मला सांगाल का?”

रिक्षात चैत्राली माझा हात धरून बसली. घर जवळ आल्यावर म्हणाली, “मी नाही बोलणार कुणाला. मेरा भी तो कोई नहीं समझता.” आजतागायत ती बोललेली नाही.

त्यानंतर मी जवळपास दोन वर्षे मॅडमकडे गेलो. घरी सांगितले, गुडघ्याची मालिश. पहिले कितीतरी आठवडे मी खुर्चीवर बसून नुसता दाराकडे बघायचो. मला वाटायचे की चैत्रालीचे आणि माझे दुखणे एकच. मॅडमनी समजावून दिले की तसे नाही. तिचा मेंदू जन्मतःच अनेक गोष्टींकडे एकदम धावतो, त्याला वाट करून द्यायची असते. “तुमचं लक्ष कुठेच गेलेलं नाही, काका. ते इतकी वर्षं दारावर पहारा देत उभं आहे. दमलंय ते.” हे ऐकून मी रडलो, आणि रडलो म्हणून माफी मागितली. त्यांनी माफी घेतली नाही.

उपचार म्हणजे काही जादू नव्हती. आधी दुरून कुकरची शिट्टी ऐकायची, मग स्वयंपाकघराच्या दारातून, मग ओट्याजवळ. स्फोट झाला तेव्हा मी नळावर उभा होतो, ते सगळे पुन्हा पुन्हा सांगायचे, थांबत थांबत, शेवटापर्यंत. एकदा मी चिडून ओरडलो, “मला काय झालं होतं? मेला तर जगन्नाथ!” त्या म्हणाल्या, “हो. आणि तुम्ही ते ऐकलंत.” एवढेच. मला काही झाले होते, हे त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी मान्य केले.

मागच्या थंडीत विनताने कोणाला न विचारता आपली खाट ओढून माझ्या खाटेला लावली. मी म्हणालो, “काय करून राहिली?” ती म्हणाली, “झोपा आता.” मी तिची अजून नीट माफी मागितलेली नाही. इथे मागतो.

मी मॅडमना साडी नेली होती. त्यांनी नाकारली. ज्यांच्यावर उपचार चालू आहेत त्यांच्याकडून काही घ्यायचे नाही, असा त्यांचा नियम आहे. म्हणून त्यांच्या नावे मी काही ठेवत नाही. मात्र माझ्या मुदत ठेवींपैकी एक तृतीयांश रक्कम सुखदाने वेगळी काढावी, आणि ज्यांना फी परवडत नाही अशांच्या उपचारासाठी, मॅडमकडे किंवा हेच काम प्रामाणिकपणे करणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे, ती खर्च व्हावी. उपचार घेणाऱ्या माणसाचे नाव विचारू नये. उरलेली रक्कम विनताची.

विभावरी मॅडम, हे तुमच्या तोंडावर बोलायला जमले नाही. ग्वारीघाटावर एकदा तुम्ही समोरून आलात, माझ्यासोबत भजनी मंडळातले लोक होते, आणि मी फुलवाल्याकडे तोंड फिरवले. तुम्ही ओळख न दाखवता पुढे गेलात, मला सांभाळून. तुमचे उपकार कागदावर मावणारे नाहीत, म्हणून निदान तुमचे नाव तरी पूर्ण लिहिले आहे.

अनिमेष, चैत्रालीचे उपचार मध्येच तोडू नकोस. हे कलम नाही, विनंती आहे.

आज साक्षीदारांसमोर, विनता आणि अनिमेष यांच्या उपस्थितीत, मी हे सर्व मोठ्याने वाचले. फरशीवरचा भाग वाचताना आवाज गेला. पाणी पिऊन पुन्हा वाचला. अनिमेषने कपाळाला हात लावला. म्हणाला, “बाबा, एवढं कलम काढा. माझ्यासाठी काढा. लोक काय म्हणतील?” मी म्हणालो, “तेच म्हणतील जे मी स्वतःला म्हणत आलो.” तो गच्चीवर निघून गेला. हे लिहीपर्यंत खाली आलेला नाही.

पहिले साक्षीदार श्री. अतुल तिवारी कारखान्यात माझ्याच पाळीला होते. जगन्नाथला बाहेर काढणाऱ्यांत ते होते. त्यांनी पेन हातात घेतले आणि बराच वेळ सही केली नाही. मला वाटले, त्यांनाही पटलेले नाही. मग विनता चहा आणायला आत गेली, तेव्हा खाली बघत म्हणाले, “खानझोडेजी, वो मैडम... मेरी उमर के आदमी को भी देख लेंगी?”

मी त्यांना पत्ता लिहून दिला. त्यांनी तो खिशात ठेवला आणि सही केली.

लाज अजून वाटते आहे. तशीच वाटत असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, मी खाली सही करत आहे.

मृत्युपत्र करणार : नीलकंठ रामकृष्ण खानझोडे (सही)

आमच्यासमोर त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली :
१. अतुल तिवारी, निवृत्त कामगार, रांझी (सही)
२. शैलजा देशकर, निवृत्त परिचारिका, शेजारी (सही)

स्थळ : जबलपूर
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५