लिफ्टसमोरचे चाळीस सेकंद

१४ जून

चि. ठमीस,

मावशीचा आशीर्वाद. तुझ्याविरुद्धच्या नोटिशीवर वकिलांना उद्या सकाळी माझी सही हवी आहे, म्हणून लिहिते आहे. एरवी लिहिलं नसतं.

मी बरी आहे. ऑफिसातली गळकी खिडकी एकदाची दुरुस्त झाली. तुझ्या जागेवर अजून कुणाला बसवलेलं नाही.

तू राजीनामा दिलास आणि मी तुला कराराप्रमाणे घरी बसवलं, तेव्हापासून आणखी तिघांनी राजीनामे दिले. सहा महिने पगार घ्यायचा, पण काम करायचं नाही, ऑफिसात कुणाशी बोलायचं नाही आणि पुढे वर्षभर लिफ्टचे प्रोग्राम करणाऱ्या दुसऱ्या कंपनीची पायरी चढायची नाही. आपला सर्वांत जुना प्रोग्रामर म्हणाला, "बाई, सख्ख्या भाचीची ही गत, तर आम्ही कोण? हेच कलम असलेल्या नव्या करारावर सही करायच्या आत निघतो." माणसं टिकावीत म्हणूनच मी ते कलम घातलं होतं. इंग्रजीत गार्डन लीव्ह, म्हणजे बागेतली रजा, म्हणतात त्याला. तुमच्या घरात तर एक कुंडीसुद्धा नाही.

आता नोटिशीचं. वकिलांनी टेबलावर फोटो ठेवला. हॉस्पिटलचा तळमजला, लिफ्टपुढे तू, हातात स्टॉपवॉच. "रंगेहाथ सापडली, बाई! दुसऱ्या कंपनीसाठी मोजणी चालू आहे."

मी फोटो जवळ घेतला. कडेला व्हीलचेअरवरचा एक पाय दिसत होता. प्लास्टरमधला, बोटं उघडी. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. तसं बोट आम्हा दोघी बहिणींचंच.

भावोजींना फोन केला.

"ताई पडली कधी?"

"पाच आठवडे झाले."

"आणि मला कुणी कळवलं नाही?"

"तूच म्हणालीस ना, सहा महिने संबंध नको? आम्ही बापडे नियमाने वागणारी माणसं."

करार ऑफिसापुरता होता. तो घरापर्यंत मी ताणला.

स्टॉपवॉचचं म्हणशील, तर आईला घेऊन लिफ्टची वाट बघताना तू मोजलं नसतंस, तरच मला संशय आला असता. ही खोड मीच लावली. ती अकरा मजली इमारत आठवते? तुझी कॉलेजची सुट्टी, माझं पहिलं काम. कंपनीला अजून नावही नव्हतं. तू खाली, मी वर, दिवसभर सेकंद मोजत उभ्या. दुपारी सातव्या मजल्याच्या जिन्यात डबा उघडायचा. तिथल्या शिवणकामवाल्या बाई पाणी आणून द्यायच्या आणि विचारायच्या, "लिफ्ट बिघडलीय की तुम्ही दोघी?" हसता हसता तुला ठसका लागायचा. तेवढं पोटभर हसणं मला पुढे कुठल्याच ऑफिसात ऐकू आलं नाही.

चौथ्या दिवशी तू म्हणालीस, "मावशी, चाळीस सेकंद झाले की माणूस पेटलेलं बटण पुन्हा दाबतो." त्याच्या आत लिफ्ट पोचवायची, यावर आपला सगळा प्रोग्राम उभा आहे. करारात "कंपनीचं गुपित" म्हणून मी नेमकं तेच लिहिलं. तुला ते सापडलं तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस आणि माझ्या नोकरीतही नव्हतीस.

वकिलांना सांगितलं नाही, ते तुला सांगते. गुपिताची काळजी मला कधीच नव्हती. तू राजीनामा पुढे ठेवलास, तेव्हा "जाऊ नकोस" म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना. करारातलं कलम तेवढं पुढे करता आलं.

नोटिशीवर सही करणार नाही. वकील म्हणतात, तू जाते आहेस ती कंपनी उद्या आपली गिऱ्हाइकं पळवेल. पळवेलही. तू सोमवारी तिथे रुजू हो. नवे लोक आहेत, पहिल्याच आठवड्यात कुणाच्या चुका काढत बसू नकोस. माझ्यावर गेली आहेस, म्हणून सांगते.

तुझी मावशी
(बाई नव्हे)

सोपवलं ते: मुक्ततेचं पत्र, माझ्या सहीचं, एक. तुझा मूळ करार, पानं नऊ, त्यातली शेवटची दोन पानं, कलमाची, आडव्या रेघा मारून रद्द. ताईसाठी कुबड्यांची जोडी, माप माझ्या उंचीवरून घेतलं आहे.
देणारी: मी स्वतः, तुमच्या दाराशी.
घेणारीची सही: ताईची चालेल.