पाचवं ताट

बाई, आपल्या हिंदी शाळेत तुम्हाला बहनजी म्हणावं लागे, पण मराठीत बोललं की तुम्ही मराठीतच उत्तर द्यायच्या, म्हणून बाईच लिहिते. सकाळपासून काम हातात घेते अन् ठेवते, जीव लागून नाही राहिला कशात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र टाकायचं कुठे, पण विचारायचं आहे ते तुम्हालाच.

लढाईचे दिवस होते. कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या खोलीला ब्लॅकआउटचा काळा कागद लावलेला आणि बाबा फॅक्टरीत ओव्हरटाइमवर. तसल्याच कागदाच्या पट्ट्या कापून तुम्ही चित्रांच्या पुस्तकातली अक्षरं झाकली होती. आधी चित्र वाचा, अक्षरं काही पळून नाही जात, म्हणायच्या. त्या दिवशी पान निघालं स्वयंपाकघराचं. चुलीपाशी आई, तीन लेकरं, समोर पाच ताटं मांडलेली. माणसं किती, तुम्ही विचारता. मी म्हणते, पाच. वर्ग हसतो. दारात उभे असलेले बडे गुरुजी म्हणतात, हिला पहिलीत परत बसवा. तुम्ही मात्र माझ्याजवळ वाकता.

"काहून पाच ग?"

"बाबा ड्यूटीवर आहेत. पाचवं ताट त्यांचं."

तुम्ही पट्टी सोलली, माझं बोट धरून एका शब्दाखाली ठेवलं. पाँच. मी वाचलेला पहिला शब्द. गुरुजी पुढच्या वर्गाकडे गेले अन् मी दुसरीतच राहिले. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, वाचणं मात्र नाही सुटलं.

आता घराजवळच्या शाळेत मी चित्रांची पुस्तकं घेऊन बसते. लेकरं दादी म्हणतात. दुसरीत एक पोरगी आहे, मान खाली घालून बसणारी. तिला पहिलीत पाठवायचं का, ते उद्या ठरणार, आणि मोठ्या मॅडमनी मलाही विचारलंय. आज तिला चिमण्यांचं चित्र दाखवलं. तारेवर चार, ती म्हणाली सहा. बाई, काय सांगू, मला वाटलं, आलं, हिचंही पाचवं ताट आलं. अगदी तुमच्यासारखी वाकले. त्या दोन कुठे गेल्या बेटा, दाणे आणायला?

"पता नहीं, दादी."

इतकंच, आणि डोळ्यांत पाणी. म्हणजे खरंच चुकलं होतं. ज्याच्या चुकीमागे काहीच नाही, असं लेकरू तुमच्याकडे आलं होतं का? त्याचं तुम्ही काय केलं, ते बघायचं राहून गेलं माझं.

उद्या मॅडमना सांगेन, तिला मागे पाठवू नका, मी रोज घेऊन बसते. त्या कारण विचारतील. खरं सांगते बाई, तिच्याजवळ नव्हतं तसं ते माझ्याजवळही नाही.